पांढरे कुठे आहेत?

मी पुण्यात नाटकांसाठी आणि संग्रहालयांसाठी कपडे तयार करते. आमच्याकडे बहुतेक मागणी पेशवाई अंगरख्यांची आणि शिवकालीन जाम्यांची असते आणि ग्राहकाने चित्रपटात जे पाहिले आहे ते त्याच्या डोक्यातून काढण्यातच आमचा निम्मा वेळ जातो. गेल्या वर्षी ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणाऱ्या एका संस्थेने प्राचीन इस्राएली उपासनेतल्या मुख्य याजकाचा संपूर्ण पोशाख प्रदर्शनासाठी मागवला. काम वेळेत झाले, पैसेही वेळेत मिळाले. तरी पोशाख ताब्यात दिला त्या दुपारचा प्रसंग मनातून जात नाही, म्हणून लिहून काढते आहे.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा २८वा अध्याय मी कटिंग मास्तरची वही वाचावी तसा वाचला. ऊरपट, म्हणजे छातीवर बांधायचा पट, एक वीत लांब, एक वीत रुंद, चौकोनी आणि दुहेरी. त्यावर तीन-तीनच्या चार ओळींत बारा रत्ने, प्रत्येकावर इस्राएलच्या एका वंशाचे नाव. आणि तो एफोद नावाच्या वरच्या वस्त्रावरून सुटू नये म्हणून निळ्या फितीने कड्यांना बांधलेला. निळ्या झग्याचा गळा फाटू नये म्हणून त्याला विणलेला काठ असावा, ही सूचना वाचल्यावर मात्र तो अध्याय लिहिणाऱ्यावर माझा पूर्ण विश्वास बसला, कारण डोक्यावरून घालायच्या कपड्याचा गळा पहिल्याच खेपेला कसा उसवतो हे शिंप्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. एफोदाचा आकार तेवढा कुठेच धड सांगितलेला नाही. फ्रान्समध्ये ११व्या शतकात होऊन गेलेल्या रशी या यहुदी भाष्यकाराने घोड्यावर बसणाऱ्या स्त्रियांच्या कपड्यावरून अंदाज बांधून तो कमरेला बांधायच्या एप्रनसारखा असल्याचे मानले, आणि शेवटी मीही त्याचेच ऐकले.

कापडाने पहिला घोळ घातला. मराठी बायबलात ‘तलम सण’ असे शब्द आहेत, त्यामुळे माझा सहायक चौकशी करायला थेट दोरखंडवाल्याकडे गेला. मूळ कापड अळशीच्या धाग्याचे, म्हणजे आपण ज्याला लिनन म्हणतो ते. त्याच्या जोडीला निळे, जांभळे आणि किरमिजी सूत, आणि ही तिन्ही सुते लोकरीची. ‘किरमिजी’ हा आपला शब्द ज्या किड्याच्या नावावरून फारसीमार्गे आला, तसल्याच किड्यापासून तो लाल रंग काढत. निळा आणि जांभळा समुद्रातल्या शंखांपासून. निळ्याच्या बाबतीत मी पळवाट काढली, हे कबूल करते. शंखाचा तो रंग कुंडात विरघळलेला असताना त्याला ऊन दाखवले की त्यातले ब्रोमीन निघून जाते आणि उरते ते आपल्या नीळीच्या झाडात असते तेच द्रव्य. मग नीळच का वापरू नये? तालमूद या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात नेमक्या याच बनावट निळ्याला ‘कला इलान’ असे नाव आहे, आणि तसला धागा खरा म्हणून मिरवणाऱ्याला देव बरोबर ओळखतो अशी तंबीही आहे. माहितीफलकावर ‘रंग : नीळ’ असे लिहायला लावले तेव्हा कुठे मला स्वस्थता आली.

सोन्याचे काम निर्गमाच्या ३९व्या अध्यायात आहे. सोने ठोकून पातळ पत्रे केले आणि ते कापून तारा काढल्या. आमच्या भाषेत हा बादला, म्हणजे नुसती चपटी तार. रेशमावर गुंडाळलेला कलाबतू वेगळा. आज बाजारात जर म्हणून जे मिळते, त्यातले बहुतेक चकचकीत प्लास्टिक असते आणि ते विकणाराही ते डोळ्यांत न बघता विकतो. तालमूदच्या हिशेबाप्रमाणे निळा, जांभळा, किरमिजी आणि लिनन या प्रत्येकाच्या सहा पदरांत सोन्याचा सातवा मिसळायचा. सात चोक अठ्ठावीस, म्हणून एफोदाचा आणि ऊरपटाचा धागा २८ पदरी. आमच्या जरदोजीच्या चाचांनी हे ऐकून हातच जोडले. त्यांचे बरोबर होते, कारण तो धागा सुईचा नव्हताच. मूळ हिब्रूत कारागिरांना दोन वेगळे शब्द आहेत आणि तालमूदमधल्या पंडितांनी त्यांचा अर्थ असा लावला की एकाची नक्षी मागावर विणलेली, म्हणून दोन्ही बाजूंनी दिसणारी, आणि दुसऱ्याची सुईने काढलेली, म्हणून एकाच बाजूची. एफोद आणि ऊरपट पहिल्याचे, कमरपट्टा दुसऱ्याचा. ज्याने पैठणीचा पदर उलटून पाहिला आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मला विणून घ्यायचे होते, पण अंदाजपत्रक जरदोजीपुरतेच होते. आमच्या एफोदाच्या उलट बाजूला गाठींचे रान आहे आणि त्यावर मी निमूटपणे अस्तर लावले आहे.

पट्टा तयार झाला तेव्हा तो दाखवायला मी वडिलांच्या स्नेह्यांना बोलावले. ते मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, निवृत्त शिक्षक. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. त्यांनी पट्टा चिमटीत धरून चोळला आणि विचारले, “लोकर आणि लिनन, दोन्ही?” मी अभिमानाने हो म्हटले. “मग मी हा हातात धरीन, कमरेला बांधणार नाही.” लोकर आणि लिनन एकत्र करून अंगावर घालायला सर्वसामान्य यहुद्याला तोराहने, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांनी, मनाई केली आहे, त्या मिश्रणाला शातनेझ म्हणतात. जे सगळ्यांना निषिद्ध, तेच याजकाला सेवेच्या वेळी बंधनकारक. “आणि बाकीच्यांच्या झालरीत एक निळा धागा,” सर म्हणाले, “लिननच्या कपड्याला लोकरीचा. याजकाच्या पोशाखातला तेवढाच प्रत्येकाच्या वाट्याला आला.” मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, “पांढरे कुठे आहेत?”

पांढरे ऑर्डरमध्ये नव्हते. बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायानुसार प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून त्या एकाच दिवशी, मुख्य याजक परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या गाभाऱ्यात, जाई तेव्हा त्याच्या अंगावर सोने नसे, रत्ने नसत, घंटाही नसत. अंगरखा, चोळणा, पट्टा आणि मंदील, चारही साध्या लिननचे. त्या दिवशी तो पाच वेळा स्नान करून कपडे बदलत असे : रोजच्या सेवेसाठी सोन्याचे, आत जायला पांढरे, पुन्हा सोन्याचे, असे आळीपाळीने. तालमूदचा मूळ भाग असलेल्या मिश्नामध्ये या पांढऱ्यांच्या किमतीसुद्धा दिल्या आहेत. रब्बी मेईर यांच्या मते सकाळचे इजिप्तमधल्या पेलुसियमचे, १२ माने किमतीचे, आणि दुपारचे ‘हिंदी’, ८०० झूझचे (माने आणि झूझ ही तेव्हाची चलने). आपल्या देशाचे नाव तिथे वाचून मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते. सेवा झाली की ते पांढरे कपडे काढून ठेवत आणि पुन्हा कधीच वापरत नसत. मायमॉनिडीज या मध्ययुगीन यहुदी पंडिताने पट्ट्याची लांबी ३२ हात दिली आहे. उरलेल्या लिननमधून तेवढी साधी पट्टी मी पदरचे पैसे घालून जोडून घेतली.

ताबा देण्याच्या दिवशी पोशाख पुतळ्यावर चढवून झाला आणि पितळेच्या, वर सोनेरी मुलामा दिलेल्या घंटांमध्ये लोकरीची डाळिंबे रशीच्या मताप्रमाणे एकाआड एक लोंबू लागली. संस्थेचे संयोजक खूश झाले. मग त्यांनी पायांकडे पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, दोर राहिला.” याजक आत मेला तर ओढून काढायला त्याच्या पायाला दोर बांधत आणि घंटांचा आवाज थांबला की बाहेरच्यांना कळे, असे त्यांनी लहानपणापासून प्रवचनांत ऐकले होते. मी त्यांना सांगितले की हा दोर ना तोराहत आहे, ना मिश्नात, ना स्वतः याजककुळातल्या योसेफस या प्राचीन यहुदी इतिहासकाराच्या सविस्तर वर्णनात. पायाला दोर असल्याचा उल्लेख १३व्या शतकात स्पेनमध्ये पुढे आलेल्या झोहर या यहुदी गूढवादाच्या ग्रंथात सापडतो. शिवाय आत जाताना घंटांचा झगा अंगावर नसेच, मग आवाज कसला थांबणार? त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया दिसू लागली, म्हणून मी बोलणे थांबवून पुतळा उतरवायला घेतला.

आधी ऊरपट सोडला, मग एफोद. झगा डोक्यावरून काढताना घंटा एकदम वाजल्या आणि टेबलावर ठेवताच गप्प झाल्या. कपाळावरची ‘परमेश्वराला पवित्र’ अशी अक्षरे कोरलेली पट्टी काढली, रंगीत पट्टा सोडून पांढरा गुंडाळला. चाचा दारात उभे होते. त्यांनी न सांगता पंखा बंद केला, कारण तलम लिनन हलत होते. पुतळा नुसता पांढरा उभा राहिला. मी काही बोलले नाही. संयोजक क्षणभर पाहत राहिले, मग म्हणाले, “हा कंपाउंडर वाटतो हो. परत घाला ते सगळे.” मी घातले. पांढरा पट्टा घडी करून पिशवीत टाकला आणि फलकावर दोन ओळी वाढवायला सांगायचे राहून गेले. की मीच ते टाळले, हे मला अजून ठरवता येत नाही. पुढचा हप्ता बाकी होता.

महिन्याभराने सरांना घेऊन प्रदर्शन पाहायला गेले. पोशाख उत्तम दिसत होता, शाळेची मुले बाराही वंश मोजत होती. झग्याच्या काठाखालून एक दोर निघून मागच्या पडद्याआड गेला होता. सर वाकले आणि त्यांनी दोर चिमटीत धरून पट्ट्यासारखाच चोळून पाहिला.

“नायलॉन,” ते म्हणाले. “शातनेझ नाही.”