बडोदे, संखेडा आणि खंभात : चाकूच्या मुठींसाठी केलेला प्रवास

स्वयंपाकघरातले आणि घडीचे चाकू दुरुस्त करण्याचा मला छंद आहे, आणि या कामात पात्यापेक्षा मूठच अधिक वेळा दुरुस्तीला येते. बोथट झालेले पाते सहाणेवर घासले की पुन्हा कामाला लागते. मूठ मात्र फुगते, वाळून तडकते किंवा आतून सैल होऊन हातात खुळखुळू लागते. मुठींची साहित्ये जिथे घडतात तिथे जाऊन ती पाहावीत, असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी बडोदे सोयीचे आहे, कारण जुन्या शस्त्रांच्या मुठी शहरातच पाहायला मिळतात, लाखेच्या कातारकामाचे, म्हणजे लाकूड चरकावर फिरवून त्यावर लाख चढवण्याच्या कामाचे, संखेडा सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे आणि अकीक हा रंगीत दगड घडवणारे खंभातही सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर आहे. मुक्काम दांडिया बाजारात मामांकडे होता. ज्यांचे नातेवाईक बडोद्यात नाहीत त्यांनी स्टेशन किंवा सयाजीगंज भागात उतरावे, म्हणजे गाड्या आणि एसटी दोन्ही जवळ पडतात.

पहिली सूचना क्रमाविषयी आहे. आधी राजवाडा आणि वस्तुसंग्रहालये पाहावीत, खरेदी नंतर करावी; पिशवीत चाकू घेऊन कोणत्याही तपासणीतून आत जाता येत नाही, आणि तो दारावर ठेवून परत मिळेल याची हमी कोणी देत नाही. लक्ष्मी विलास राजवाडा सोमवारी बंद असतो आणि आत छायाचित्रे काढू देत नाहीत, त्यामुळे एक छोटी वही जवळ ठेवावी. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत दरबार हॉलसमोर लोकांची गर्दी होते. शस्त्रांच्या दालनापुढे मात्र निवांतपणे उभे राहता येते.

उत्तर हिंदुस्थानी पद्धतीच्या तलवारीची मूठ पूर्ण धातूची असते. मागे चपटी तबकडी, पुढे आडवी चौकट आणि मध्ये किंचित फुगीर पकड, अशी तिची रचना असते. मूठ पात्याला कशाने धरून ठेवते, हे मात्र बाहेरून दिसत नाही. पात्याचे मागचे आखूड शेपूट पोकळ मुठीत जाते आणि उरलेली जागा लाखेसारख्या रेझिनने, बहुधा त्यात विटेचा भुगा किंवा तत्सम भर घालून, तापवून भरलेली असते. तिथे ना रिव्हेट असतो, ना स्क्रू. गरम केली की मूठ निघते आणि पुन्हा गरम करून बसवता येते, त्यामुळे एकाच मुठीत पिढ्यापिढ्यांनी वेगवेगळी पाती बसवली गेली. मुठीचे साहित्य निवडताना तिच्या पृष्ठभागाइतकाच हा आतला जोड महत्त्वाचा असतो, आणि घरातले बहुतेक चाकूही तिथेच हार मानतात.

मुघल काळातल्या खंजिरांच्या आणि कर्द नावाच्या सरळ सुऱ्यांच्या मुठी जेड, स्फटिक, हस्तिदंत आणि वॉलरसच्या दातापासूनही बनवल्या जात. यांपैकी हस्तिदंताच्या, आणि तसेच सांबरशिंगाच्याही, वाटेला कोणी जाऊ नये. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात 1986 व 1991 साली झालेल्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आहे, आणि जुन्या बाजारात कोणी ‘आजोबांच्या काळची’ म्हणून सांबरशिंगाची मूठ दाखवली तरी ती विकत घेणारा अडचणीत येतो. म्हशीच्या शिंगाची मूठ मात्र बिनधास्त घ्यावी. उत्तर प्रदेशातल्या संभलमध्ये शिंग आणि हाडाचे काम मोठ्या प्रमाणावर चालते आणि तिथला माल सर्वत्र पोहोचतो. खरे शिंग ओळखायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. कडेच्या पातळ भागातून उजेड झिरपतो आणि आत लांबट रेषा दिसतात. हाडावर बारीक काळपट ठिपके आणि रेघा असतात. नकली शिंगाच्या प्लॅस्टिकवर यातले काहीच नसते, किंवा सगळीकडे एकसारखी छापील नक्षी असते.

मांडवी आणि मंगळबाजार या भागातल्या भांड्यांच्या दुकानांत मामी माझ्याबरोबर आल्या होत्या. प्रत्येक चाकू हातात घेऊन त्या खाली ठेवत होत्या. शेवटी म्हणाल्या, “आमच्या विळीला मूठच नाही, म्हणून ती अजून टिकली आहे.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण पाटावर बसून भाजी चिरणे आता सर्वांना जमत नाही. अशा दुकानांत सर्वांत स्वस्त मूठ पॉलिप्रॉपिलीनची असते. ती पाण्याला दाद देत नाही, मात्र तापल्या कढईला टेकली की वितळते. परदेशी पद्धतीच्या जाड, काळ्या, तीन रिव्हेटांच्या मुठी पॉलिऑक्सिमेथिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. ते ओलाव्याने जवळजवळ फुगत नाही, पण साधारण 175 अंश सेल्सियसला वितळते, म्हणून गॅसच्या ज्योतीजवळ ठेवू नये. रंगीत लाकडासारख्या दिसणाऱ्या पाकावुडच्या मुठीत लाकडाचे पातळ थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून चिकटवलेले असतात. रोजच्या वापरासाठी मी तीच सुचवीन. साधे लाकूड हवे असेल तर शिसव किंवा साग. शिसव जड आणि घट्ट असते, सागात स्वतःचे तेल असते. मुंबई-पुण्यात मिळणाऱ्या जपानी चाकूंची मूठ मात्र होनोकी या हलक्या लाकडाची आणि पुढे म्हशीच्या शिंगाच्या कड्याची असते, कारण त्या पद्धतीत वजन पात्याकडे ठेवायचे असते. शिसवीची मूठ असलेला चाकू परदेशातल्या आप्तांना पाठवायचा असेल, तर शिसव आणि तिचा जवळजवळ सारा वनस्पतिवंश 2017 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे हे लक्षात ठेवावे. तयार वस्तूंना 2019 नंतर वजनाच्या मर्यादेत सूट आहे.

दुकानात चाकू निवडताना मूठ आणि पाते जिथे भेटतात तिथून नखाची कड फिरवावी. नख अडले तर तिथे फट आहे, आणि फटीत पाणी, मीठ आणि भाजीचा रस जाऊन शेपूट गंजते. रिव्हेटांची डोकी लाकडाशी सपाट असावीत. ओला रुमाल बरोबर नेऊन ओल्या हाताने मूठ धरून पाहावी. कोरड्या हातात सगळ्याच मुठी चांगल्या वाटतात.

संखेड्याला जाण्यासाठी डभोईमार्गे एसटी मिळते. वाटेत डभोईला उतरून हिराभागोळ दरवाजा पाहता येतो, पण दोन्ही करायचे असतील तर सकाळी लवकर निघावे. संखेड्याची ख्याती पाळणे, झोपाळे आणि खुर्च्यांसाठी आहे, आणि हे काम खरादी-सुतार मंडळी करतात. लाकूड सागाचे, चरकावर फिरत असताना त्याला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागावर पसरते आणि नंतर केवड्याच्या पानाने घोटली जाते. जुन्या पद्धतीत कथलाच्या मिश्रणाने नक्षी काढून ती अकिकाच्या दगडाने घोटतात आणि वरून लाख देतात. खालची रुपेरी नक्षी त्या थरातून सोनेरी दिसते. सोन्याचा कणही नसताना सोन्याचा भास होतो तो यामुळे.

मी पात्याचा एक नुसता तुकडा बरोबर नेला होता आणि एका कारागिराकडून त्याला छोटी कातीव मूठ करून घेतली. आधी फर्निचरच्या मापाच्या कामाशिवाय काही करायची त्याची तयारी नव्हती, पण पात्याचे शेपूट पाहिल्यावर त्याला उत्सुकता वाटली. त्याने स्पष्ट सांगितले की हा चाकू फळे कापण्यापुरता ठेवा, तव्याजवळ नको आणि उकळत्या पाण्यात तर मुळीच नको. कारण सरळ आहे: चपडी लाख, म्हणजे शुद्ध करून पातळ पापुद्र्यांत केलेली लाख, साधारण 75 ते 80 अंशांना वितळते आणि त्याच्या आधीच मऊ होते. डिशवॉशरमध्ये वरचा थर आणि आत लाखेने बसवला असेल तर जोड, दोन्ही जातील. उलट, लाखेने बसवलेली घरची जुनी सुरी सैल झाली असेल तर हीच गोष्ट उपयोगी पडते. शेपूट तापवून, मुठीच्या भोकात चपडीची पूड भरून ते दाबून बसवता येते. पाते मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे, नाहीतर धारेचे पाणी, म्हणजे तिचा कठीणपणा, उतरते.

खंभातला जाताना मुख्य मार्गावरच्या आणंदला उतरून तिथून खंभातची शाखागाडी घ्यावी. मकरसंक्रांतीच्या आधीचे दिवस टाळावेत, कारण त्या वेळी गाव पतंगांच्या कामात बुडालेले असते. अकीक भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूने येतो. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात भरून भाजतात. त्यातल्या लोहाच्या संयुगांमुळे तपकिरी-पिवळा दगड लाल होतो. कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने एकेक छिलका उडवतो. ही हातोडी मला सर्वांत आवडली, कारण अकिकावर लोखंडी हातोडी चालवली तर दगडच फुटेल.

कागद कापण्याच्या आणि लोण्याच्या सुऱ्यांना अकिकाची मूठ शोभून दिसते. अकिकाची कठीणता मोहस् मापनात 6.5 ते 7 आहे, म्हणजे सुरीचे पाते त्यावर ओरखडा काढू शकत नाही. पण दगड ठिसूळ आहे, फरशीवर पडला की गेला, आणि ओल्या हातात घसरतो. स्वयंपाकाच्या सुरीसाठी तो घेऊ नये. दगड घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि खंभातच्या कारागिरांमध्ये हा आजार फार जुना आहे. म्हणून पाण्याखाली घासणाऱ्या किंवा धूळ ओढून घेणाऱ्या जागेतला माल विचारून घ्यावा, आणि स्वतः कारखाना पाहायला जाताना तोंडाला चांगला मास्क बांधावा.

घडीच्या चाकूंचा अनुभव घरीच मिळाला. मामेभावाकडे फ्रेंच ओपिनेल आहे. त्याची बीचच्या लाकडाची मूठ पावसाळ्यात फुगते आणि पाते खाचेत अडकते. त्याच्याकडच्या स्विस व्हिक्टोरिनॉक्सची लाल मूठ सेल्युलोजपासून केलेल्या प्लॅस्टिकची आहे, त्यामुळे तिला पाण्याची भीती नाही. काटक मूठ हवी असेल तर कापड किंवा कागद फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून बनवलेला मिकार्टा, अथवा काचतंतू आणि इपॉक्सीचा जी-टेन शोधावा. दोन्ही ओल्या हवेत आकार बदलत नाहीत, आणि मिकार्टा ओल्या हातात सुखावह लागतो. किंमत मात्र अधिक पडते.

परतीच्या सामानाविषयी थोडे सांगतो. विमानात चाकू हातातल्या पिशवीत नको, तो चेक-इन सामानातच टाकावा. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार शस्त्र परवान्याच्या कक्षेत येते. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यात सूट आहे, पण बटण दाबून उघडणारा चाकू सोबत ठेवू नये. लाखेची मूठ उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. सुती कापडात, पाते वेगळ्या पुठ्ठ्यात अशी बांधावी. लाकडी मुठीला घरी आल्यावर जवसाचे उकळलेले तेल पातळ चोळून, थोड्या वेळाने उरलेले पुसून घेऊन, मग चोवीस तास वाळू द्यावे. तेलाने भिजलेले फडके मात्र गोळा करून ठेवू नये, ते आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून पसरून वाळवावे आणि मगच टाकावे.