फिरणारे बोल्ट

श्रावणात एक कॉलेजातला मुलगा गिटार घेऊन पुण्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आला. नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर तारा इतक्या वर गेल्या होत्या की बार कॉर्ड (एका बोटानं अनेक तारा एकदम दाबायचा) धरताना त्याची बोटं दुखायची. मी हेडस्टॉक, म्हणजे नेकचं तारा गुंडाळायचं टोक, जरा पुढे ओढला, तर हीलच्या, म्हणजे नेक बॉडीला जुळते तिथल्या टाचेच्या, खालच्या कडेला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट उघडली.

“बोल्ट आवळून बघितले दादा, नुसते फिरतात,” तो म्हणाला. आणि लगेच, “बोल्टवाली नेक म्हणजे स्वस्तातलंच काम ना?”

हा समज मला मनापासून खटकतो. मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीची डव्हटेल जोडाची, म्हणजे खाचेत गोंदानं अडकवलेल्या नेकची, परंपरा थोर आहे, वाद नाही. पण १९७४ साली सुरू झालेल्या टेलर कंपनीनं बोल्टच्या नेकवरच नाव कमावलं, आणि १९९९ साली आणलेल्या रचनेत तर फ्रेटबोर्डाचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीचं, बॉडीवर येणारं टोकही गोंदाविना, बोल्टनंच धरलं. दोष बोल्टचा नसतो. बोल्ट कशाला धरतोय, ते बघायचं.

पावसाळी हवेत टॉप, म्हणजे बॉडीची वरची फळी, फुगतो, त्याच्यासोबत तिच्यावरचा तारा धरणारा ब्रिजही वर येतो आणि माप फसवं मिळतं. म्हणून गिटार आधी ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवली. मग तारा काढल्या, फ्रेटबोर्डाचं टोक तापवून पातळ सुरीनं सोडवलं, साउंडहोलमधून, म्हणजे बॉडीच्या गोल भोकातून, लांब अ‍ॅलन की (षटकोनी पाना) घातली. नेक अलगद हातात आली. बोल्टला अडकून, नेकमध्ये पिळून बसवलेली, बोल्ट धरणारी एक पितळी नळीही आली, तिच्या बाहेरच्या आट्यांत महोगनीचा भुसा भरलेला.

कारण स्पष्ट होतं. टेनन म्हणजे बॉडीच्या खाचेत बसणारा नेकचा ठोकळा. त्याच्या समोरच्या तोंडावर लाकडाच्या तंतूंची टोकं येतात. तिथं पिळलेली नळी सतत ओढली गेली की तंतू झाडूच्या काड्यांसारखे उपसून येतात, आणि साध्या स्टीलच्या तारांच्या सेटचा ताण ७० किलोच्या आसपास असतो.

मी जुनी भोकं महोगनीच्या खुंटीनं बुजवली आणि टेननच्या बाजूनं आडवी १० मिलिमीटरची भोकं पाडली. त्यांत पलंग जोडायला वापरतात तसले दंडगोल नट बसवले; बोहरी आळीत सहज मिळतात. आता बोल्ट आवळला की नट तंतूंना आडवा दाबतो, उपसायला काही उरतच नाही.

खरं काम मात्र पुढे होतं. बोल्ट नुसते धरतात. हीलचा काठ बॉडीला सगळीकडून टेकला नाही तर नेक पुन्हा डुलणार. बोल्ट बोटांनी सैलसर लावले, हील आणि बॉडीच्या मध्ये पॉलिशपेपरची पट्टी घातली, खरखरीत बाजू हीलकडे, आणि दाबून धरून ओढली. हाच माझा आवडता भाग. हीलच्या तळाशी अर्धा मिलिमीटर गेला, तर फ्रेटबोर्डाची रेषा ब्रिजपाशी साधारण दीड मिलिमीटर वर उचलली जाते. त्यामुळे दोन ओढी, मग लगेच फ्रेट्सवर सरळ पट्टी. हीलच्या एका बाजूला पेपर जास्त चालला तर नेक बाजूला वळते, म्हणून हेडस्टॉकजवळच्या, तारा टेकतात त्या पट्टीपासून (तिलाही नटच म्हणतात) ब्रिजपर्यंत दोराही ताणून बघत होतो. बॉडीवर खडू घासून नेक टेकवली, की हीलवर उंचवटे पांढरे उमटायचे. संध्याकाळपर्यंत पूर्ण काठ पांढरा झाला आणि पट्टी ब्रिजच्या माथ्यावर हलकी टेकली.

मुलगा तोवर बसूनच होता. नेक बसवली, बोल्ट आवळले, फ्रेटबोर्डाच्या टोकाखाली चिमूटभर गोंद लावला.

दुसऱ्या दिवशी तारा चढवून, ताणाखाली काही तास ठेवून मोजलं: बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटर, बारीक दोन. त्यानं बार कॉर्ड धरला आणि वाजवतच राहिला. जाताना अ‍ॅलन की मागितली. दिली, पण बजावलं, “उगाच आवळू नकोस. आणि एप्रिलात आणून दाखव, कोरड्या हवेत टॉप खाली बसला की तारांची उंची परत बघू.”