निगेटिव्ह पण हव्यात?

"निगेटिव्ह पण हव्यात का?" फिल्म रोल धुऊन देणाऱ्या लॅबवाल्या काकांनी विचारलं. "हल्लीची पोरं स्कॅन मेलवर मागवतात, निगेटिव्ह न्यायला फिरकतच नाहीत." आणि खालचा खण उघडून दाखवला. पाकिटांवर पाकिटं. प्रत्येकावर पेनाने नाव, मोबाइल नंबर, बस.

ते डोक्यातून जाईना. घरी येऊन त्या रोलचे स्कॅन माझ्या वेबसाइटवर चढवायला बसलो.

डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये शटरचा वेग, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं ते), तारीख आपोआप नोंदलेली असते. फिल्मच्या स्कॅनला यातलं काही ठाऊक नसतं; तारीख असलीच तर स्कॅनिंगची. म्हणजे दिवाळीचे कंदील होळीला काढल्यासारखे दिसतात! म्हणून मी वहीत लिहितो: 'फ्रेम ११, एफ ८, १/१२५, तुळशीबाग.' (म्हणजे रोलवरचा अकरावा फोटो, अ‍ॅपर्चर, शटर आणि जागा.) मग ते टेक्स्ट फाइलमध्ये उतरवायचं, आणि पायथनची छोटीशी स्क्रिप्ट (म्हणजे प्रोग्रॅम) त्यातून वेबसाइटचं पान बनवते. (स्क्रिप्ट लिहिण्यातच निम्मी मजा आहे, हे बायकोला सांगू नका.)

मित्र म्हणतो, एवढा उपद्व्याप कशाला? इन्स्टाला टाक आणि मोकळा हो. लाइक तिकडेच मिळतात, खरंय. पण तिथे टाकलेलं उद्या तसंच सापडेल याची हमी कोण देणार? त्या खणातल्या पाकिटांचे मालकही निर्धास्तच असतील.

फिल्मवर फोटो काढणाऱ्यांनो, तुमच्या निगेटिव्ह कुठे आहेत?