पेन्सिलीने लिहिलेला आकडा

पूर नियंत्रण कक्षात पावसाळी ड्यूटी लागली की पहिल्याच दिवशी दोन आकडे पाठ होतात. बदलापूरच्या बंधाऱ्यावर उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५०. मोहने, जांभूळ, टिटवाळ्याची काळू नदी यांचेही आकडे भिंतीवरच्या तक्त्यावर असतात, पण तोंडात बसलेले हेच दोन. मी मूळची महसूलची कारकून. नदीशी माझी ओळख म्हणजे ठाण्याची खाडी, तीही लोकलच्या खिडकीतून.

त्या जुलैमध्ये रात्रपाळी माझी होती. कर्जतकडे पावसाने झोडपलंय असे निरोप संध्याकाळपासूनच येत होते. उल्हासचं असंच आहे. बदलापुरात नुसती रिपरिप असते आणि वर राजमाचीच्या घाटात कोसळलेलं पाणी काही तासांनी खाली येऊन थडकतं. म्हणून आमच्यातले मुरलेले लोक आधी कर्जतला फोन लावतात, मग खिडकीबाहेर बघतात.

दर तासाला रजिस्टरात नोंद. दीडला १५.४०, अडीचला १५.९०, साडेतीनला १६.६०. इशारा पातळी ओलांडली, तसे मी नियमाप्रमाणे तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील, सगळ्यांना 'सतर्क राहावे'चे संदेश धाडले. पावणेचारला रायत्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातून पोलीस पाटलांचा फोन.

"मॅडम, पाड्यात पाणी घुसलं."

मी तक्त्याकडे बघत म्हणाले, "पाटील, धोका पातळीला अजून नव्वद सेंटिमीटर बाकी आहेत."

पलीकडे पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. कुठेतरी म्हैस हंबरत होती. मग ते शांतपणे म्हणाले, "तुमचा आकडा नदीचा, मॅडम. आम्हाला ओढा बुडवतो."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही, नंतर लागला. गावाचा ओढा खाली उल्हासला मिळतो. नदी फुगली की ओढ्याचं तोंड बंद होतं आणि त्याचं पाणी मागे फिरून शेतांतून वर चढतं. आधी ओढ्यावरची मोरी, म्हणजे रस्त्याचा छोटा पूल, बुडते आणि पाड्याचा रस्ता तुटतो. नदी पात्रातच असते आणि माणसं मात्र अडकलेली असतात.

मी तहसीलदारांना उठवलं, बोटीसाठी फोनाफोनी सुरू केली. पाटील बोटीची वाट बघत थांबले नव्हते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दोन खेपा करून बायकामुलं शाळेत पोहोचवली होती. तिसऱ्या खेपेला मोरीवरून पाणी इतक्या ओढीने जाऊ लागलं की ड्रायव्हरने नकार दिला, आणि बरं केलं. उरलेले अकरा जण टेकाडावरच्या गावदेवीच्या देवळात चढले. मधेच फोनवर तबेलेवाल्याशी भांडण ऐकू आलं. तो म्हशी सोडायला तयार नव्हता, गेल्या तर शोधायच्या कुठे? पाटील ओरडत होते, "दावी काप आधी! मोकळी म्हैस पोहून निघेल, बांधलेली मरेल!" शेवटी त्याने दावी कापली.

पाच चाळीसला १७.५०. मी धोक्याचा संदेश पाठवला, नदीकाठच्या नागरिकांनी तातडीने सुरक्षित स्थळी जावे वगैरे. पाटलांनी उत्तरादाखल नुसता अंगठा धाडला. पाड्यातली माणसं तेव्हा दीडेक तास शाळेच्या सतरंजीवर बसलेली होती. त्या अंगठ्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. उजाडल्यावर बोट आली, देवळातले अकरा उतरले. तोवर रायत्याचा पूल बंद होऊन कल्याण-मुरबाड रस्ता तुटला होता.

तीन दिवसांनी पंचनाम्याच्या पथकाबरोबर मी मुद्दाम गेले. नुकती आवणी, म्हणजे भाताची लावणी, झालेली खाचरं गाळाखाली आडवी होती. एका शेतकऱ्याने भाताची पात अंगठ्याने पुसून हिरवी करून दाखवली. म्हणाला, "पाण्याखाली चार दिस तग धरतं. गाळाखाली नाय." तलाठी नुकसान ३३ टक्क्यांच्या वर जातं का बघत होते, कारण त्याखाली मदत बसत नाही.

पाटलांनी मला मोरीकडे नेलं. बाजूने ओढ्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, प्रत्येकीवर ऑइलपेंटची खूण. वरून तिसरी बुडाली की म्हातारी माणसं हलवायची, दुसरी बुडाली की गुरं, पहिली बुडाली की मोरी गेलीच समजायचं. त्या रात्री तिसरी पायरी कधी बुडाली? "दोनच्या सुमाराला." मी मोबाइलमध्ये काढलेला रजिस्टरचा फोटो बघितला. दीड ते अडीचच्या मधली वेळ, म्हणजे साडेपंधराच्या आगेमागे. आमच्या इशारा पातळीच्या जवळपास एक मीटर आधी.

एका रात्रीच्या जुळणीवर नियम होत नाही, हे मलाही कळतं. ओढ्याच्या डोक्यावरच पाऊस कोसळला तर पायरी त्याहून आधी बुडेल. शिवाय बारवी नदी बदलापूरच्या बंधाऱ्याच्या खाली उल्हासला मिळते. बारवी धरण भरून त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर ते पाणी बदलापूरच्या आकड्यात दिसणारच नाही. तरी परतल्यावर तक्त्यावर १६.५०च्या खाली मी बारीक अक्षरात लिहिलं, '१५.५० – पाटलांना फोन, पायरी विचारणे'. पेन्सिलीने लिहिलं. सरकारी तक्त्यावर पेनाने लिहायची हिंमत झाली नाही.