तुम्ही विचारलंत म्हणून: समोर दलाई लामा, हातात बाबांचा याशिका

मी काढलेला दलाई लामांचा तो फोटो पाहिला की बहुतेक जण हेच विचारतात. पत्रकारांच्या कठड्यात उभं राहायचा पास होता, लांबचं जवळ आणणारी टेलिलेन्स भाड्याने मिळत होती, मग दलाई लामांसमोर तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीचा रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा घेऊन का बसलात? आजवर मी ‘हाताला सवय आहे’ एवढंच सांगून विषय संपवत आले. ते खरं उत्तर नव्हतं.

नोव्हेंबर 2019. जागतिक बौद्ध परिषदेसाठी दलाई लामा औरंगाबादला आले होते. कार्यक्रम नागसेनवनात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर. तिथून जवळच बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय. माझे बाबा तिथे शिकले. आईचा जन्म 1956 चा, दीक्षेच्या वर्षाचा. त्याच वर्षी, नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभराने, एकवीस वर्षांचे दलाई लामा बुद्धजयंतीच्या 2500व्या वर्षाच्या सोहळ्यासाठी पहिल्यांदा भारतात आले होते. आता ते 84 वर्षांचे होते.

आमच्या घरात कुणाचं ‘दर्शन’ घ्यायची रीत नाही. पुन्हा पुन्हा जन्म घेणारे लामा ही कल्पना बाबासाहेबांनी सांगितलेल्या धम्मात बसत नाही आणि आई या बाबतीत फार कडक आहे. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ आहेत. तरी ती म्हणाली, “पटण्या-न पटण्याचं राहू दे. देश सुटला, साठ वर्षं परक्या मुलखात काढली, तरी चिन्यांचा द्वेष करू नका म्हणतात. मला त्यांना जवळून बघायचंय.”

बघायचंय. वंदनेत आपण धम्माचे गुण म्हणतो, त्यातला एक शब्द आहे ‘एहिपस्सिको’: ये आणि स्वतः बघ. लहानपणी आईने मला त्याचा अर्थ कणीक मळता मळता सांगितला होता. कॅमेरा निवडताना माझ्या डोक्यात तोच होता.

आता कॅमेऱ्याचं सांगते, कारण उत्तर तिथे आहे. एसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा. त्यात लेन्समधून आलेलं दृश्य आरशावरून डोळ्यापर्यंत पोहोचतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यासमोर अंधार होतो. अंधार निमिषभराचाच, पण फिल्मवर जो क्षण उमटतो तो नेमका हाच. म्हणजे फोटो काढणाऱ्याला बाकी सगळं दिसतं, फक्त तो क्षण दिसत नाही. रेंजफाइंडरची बघायची खिडकी वेगळी, तिच्यातलं दृश्य लेन्समधून येत नाही, त्यामुळे डोळ्यासमोरचं काही झाकलं जात नाही. उचलायला आरसाच नाही, म्हणून आवाजही कमी. शिवाय खिडकीत चौकट आखलेली असते आणि तिच्या बाहेरचंही थोडं दिसत राहतं. कोण आत येतंय, कोण निघून चाललंय, हे आधी कळतं. हल्लीचे मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे मुळीच आवाज न करता वापरता येतात, हे मान्य. पण त्यांत चौकटीबाहेरचं जग नसतं.

बाबांचा याशिका इलेक्ट्रो 35 त्यांनी एका स्टुडिओवाल्याकडून जुना घेतलेला. 45 मिलिमीटरची लेन्स, बदलता न येणारी. त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, म्हणून अडॅप्टर लावून दुसरी बसवावी लागते. खिडकीच्या मधोमध पिवळसर ठिपका असतो. त्यात वस्तू दोनदा दिसते, लेन्सची कडी फिरवून त्या दोन प्रतिमा एकीवर एक आणायच्या, की फोकस जुळला. त्यासाठी एखादी ठसठशीत उभी रेघ लागते. या लेन्सने लांबचं काही जवळ येत नाही. जवळ जायचं तर आपणच जायचं.

म्हणून मी कठडा सोडून आईशेजारी, वाटेला लावलेल्या बांबूंना टेकून जमिनीवर बसले. चारी बाजूंनी पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. इतक्या पांढऱ्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. त्याला वाटतं उजेड खूप आहे, आणि चेहरे काळवंडतात. म्हणून फिल्मचा वेग 400 असून मी कॅमेऱ्यावर 200 लावलं, म्हणजे फिल्मवर दुप्पट उजेड पडेल. अंतर आधीच ठरवून ठेवलं, साधारण दहा फूट.

दलाई लामा दोघा भिक्खूंच्या आधाराने आले, सावकाश, हात जोडून, दोन्हीकडच्या लोकांकडे बघत. मी फक्त तीन फोटो काढले. पहिल्यात एका स्वयंसेवकाचा खांदा आला. दुसरा हलला. तिसऱ्याच्या वेळी ठिपक्यात त्यांच्या चष्म्याच्या काचेची उभी कड दोनची एक झाली आणि तेवढ्यात चौकटीच्या डाव्या रेषेबाहेर मला आईचे जोडलेले हात दिसले, वर येत होते. मी थांबले. हात रेषेच्या आत आले, त्यांची नजर तिकडे वळली, मी बटण दाबलं. ते बघणं मी पूर्ण पाहिलं, मध्ये अंधार न होता.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ 30 जानेवारी 1948 ला, हत्येच्या थोडा वेळ आधी, लायका हा छोटा रेंजफाइंडर घेऊन गांधीजींना भेटला होता, आणि एप्रिल 1950 मध्ये रमण महर्षींच्या अखेरच्या दिवसांत तिरुवन्नामलैला होता. त्याच्या त्या फोटोंमध्ये मला कुठेच घुसखोरी जाणवत नाही. खोलीत आधीपासून असलेल्या माणसाने पाहावं तसे ते आहेत. टेलिलेन्सने काढलेला चेहरा कितीही रेखीव आला तरी काढणारा त्या जागी नव्हता हे मला त्यात दिसतं. हे माझं मत आहे आणि त्यावर माझे बरेच व्यावसायिक मित्र चिडतात.

रोल मी घरीच धुतला. कृष्णधवल फिल्मवर दलाई लामांचं मरून चीवर जवळपास काळं उतरलं, उघडा उजवा हात उजळ, आणि कडेला आईची बोटं थोडी धूसर. फोटोत आईचा चेहरा नाही. तुमच्यापैकी काहींना ती उणीव वाटते. मला नाही वाटत.

प्रिंट हातात दिली तेव्हा आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “मी तुझ्या इतकी शेजारी होते, मला तर काहीच ऐकू आलं नाही. काढला कधी गं?”

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. त्यांच्या ओळीत तिने हा लावू दिला नाही. तो तिच्या कपाटात आहे, त्या दिवशीच्या पांढऱ्या साडीच्या घडीत.