फायबर ब्रॅग ग्रेटिंगचं कॅलिब्रेशन: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी माझ्या हाती पाच ग्रेटिंग असलेलं एक फायबर आलं. १५३० ते १५६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, परत येणाऱ्या प्रकाशाच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे तरंगलांबीनुसार शक्ती दाखवणाऱ्या आलेखात, पाचही पीक्स (शिखरं) अंतर राखून बसलेली होती. त्यांच्यावरून तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचं, असं ठरलं होतं.

ग्रेटिंग म्हणजे फायबरच्या गाभ्यात अतिनील प्रकाशानं उमटवलेले अपवर्तनांकाचे बारीक पट्टे. प्रकाशानं काचेचा अपवर्तनांक कायमचा बदलतो, हे १९७८ मध्ये कॅनडात केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, त्यातून हे सगळं तंत्र उभं राहिलं. पट्ट्यांमधल्या अंतराला अपवर्तनांकानं गुणून दुप्पट केलं की जी तरंगलांबी येते, तीच परत फिरते. फायबर तापलं की ती सरकते, आणि १५५० नॅनोमीटरजवळ हे सरकणं दर अंशाला सुमारे १० पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) असतं. मात्र ताणामुळेही ती सरकते, दर मायक्रोस्ट्रेनला, म्हणजे लांबी दहा लाखांत एका भागानं वाढली की, सुमारे १.२ पिकोमीटर. म्हणजे फायबरला किंचित ओढ बसली तरी तापमान एखाद्या अंशानं खोटं दिसणार. म्हणून कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे तरंगलांबीवरून तापमान सांगणाऱ्या समीकरणाचे गुणक ठरवताना, फायबर काचेच्या बारीक नळीत सैल सोडलं, फक्त एका टोकाला धरलं आणि नळीला खेटून पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमापक) ठेवून सगळं वॉटर बाथमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाला राखलेल्या पाण्यात, उतरवलं.

बाथचं काम म्हणजे संयमाचं काम. डिस्प्लेवर ४० आलं म्हणजे नळीच्या आत ४० झालं असं नसतं. पीटी-१०० चं वाचन आणि पीक दोन्ही स्थिर होईपर्यंत थांबायचं, मगच स्पेक्ट्रम साठवायचा. चढताना घेतलेली तापमानं उतरतानाही घ्यायची. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण फक्त चढती मालिका घेतली तर सेन्सर आपल्या जागी परत येतो की नाही, हे कळतच नाही.

खरा गुंता संगणकावर सुरू झाला. आमच्या, हा स्पेक्ट्रम मोजणाऱ्या, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचे दोन बिंदू १० पिकोमीटर अंतरावर येत होते. पीक म्हणून सर्वांत उंच बिंदू घेतला, तर उत्तर एकेका अंशाच्या पायऱ्यांनीच पुढे सरकणार. आलेख लांबून सरळ रेषेसारखाच दिसतो. मॅडम म्हणाल्या, "रेषा बघू नकोस, रेसिड्युअल काढ." रेसिड्युअलमध्ये, म्हणजे मोजलेली मूल्यं आणि रेषा यांच्यातल्या फरकात, करवतीचे दात स्पष्ट दिसले.

उपाय असा, की एका बिंदूवर विसंबायचं नाही, पीकच्या अख्ख्या माथ्याचा आकार वापरायचा. पीक साधारण गाउशियन, म्हणजे घंटेच्या आकाराचं, असेल तर डेसिबलमध्ये (शक्तीच्या लॉगरिदमिक मापात) तोच आकार पॅराबोला होतो. म्हणून माथ्यापासून ३ डेसिबल खालपर्यंतचे बिंदू घेऊन द्विघाती फिट केला की त्याचा शिरोबिंदू दोन बिंदूंच्या मधली जागाही दाखवतो. सेंट्रॉइडही, म्हणजे पीकचा शक्तीनुसार भारित मध्य, काढून पाहिलं. ते नेहमी रेषीय शक्तीवर काढायचं, डेसिबलवर नाही, आणि कुठल्या उंचीपासून बिंदू धरायचे ते आधी ठरवून टाकायचं.

पाच पीक्स आपोआप शोधायला सायपाय या पायथनच्या लायब्ररीमधलं फाइंड-पीक्स हे फंक्शन वापरलं. तिथे नुसत्या उंचीची अट लावून भागलं नाही, कारण प्रकाशस्रोताची पातळीच एका बाजूला कललेली होती. शेजारच्या दरीपासून पीक किती वर उठतं, ती प्रॉमिनन्सची अट लावल्यावर ग्रेटिंगच्या दोन्ही बाजूंची छोटी उपशिखरं गळून गेली. त्यातल्या डिस्टन्सचा आकडा नॅनोमीटरमध्ये नसून बिंदूंच्या संख्येत असतो, हेही ध्यानात ठेवावं.

याच फायबरमधलं एक ग्रेटिंग पुढे इपॉक्सीनं धातूच्या पट्टीवर चिकटवलं. धातू काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे दर अंशाचं सरकणं वाढलं. ते अपेक्षितच होतं. पण पीकचा आकारही बदलला. गोंदामुळे ग्रेटिंगच्या लांबीभर ताण सारखा राहिला नाही, माथा रुंदावला आणि एका बाजूला झुकला. आता सेंट्रॉइड आणि पॅराबोला वेगवेगळी तरंगलांबी सांगू लागले, आणि त्यांच्यातला फरक तापमानाबरोबर बदलत होता. कुठलं बरोबर, यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझं मत तेव्हाच पक्कं झालं: कॅलिब्रेशन एकट्या सेन्सरचं नसतंच, ते सेन्सर आणि पीक काढण्याची रीत या जोडीचं असतं. सेंट्रॉइडनं गुणक काढले असतील तर मोजतानाही सेंट्रॉइडच हवं, तेही त्याच मर्यादेपासून. कोणी नुसते गुणक पाठवले, तर मी आधी रीत विचारतो.

चिकटवलेल्या ग्रेटिंगचे चढते-उतरते आलेख पहिल्या फेरीत जुळले नाहीत. वापराच्या कमाल तापमानाच्या थोडं वर पट्टी काही तास ठेवून हळूहळू थंड केली, तशा आणखी फेऱ्या दिल्या, आणि दोन्ही आलेख जवळ आले. सरळ रेषेऐवजी द्विघाती समीकरण बसवल्यावर रेसिड्युअलमधला वाकही गेला.

शेवटी उरला तरंगलांबीच्या मोजपट्टीचा प्रश्न. अ‍ॅनालायझर स्वतःच काही पिकोमीटर सरकला, तर सगळी मेहनत तेवढ्यानं ढळते. त्यासाठी अ‍ॅसिटिलीन वायूची नळी उत्तम. तिच्या शोषणरेषा, म्हणजे तो वायू शोषून घेतो त्या ठरावीक तरंगलांब्या, १५१० ते १५४० नॅनोमीटरमध्ये येतात आणि त्यांची मूल्यं अमेरिकेच्या निस्ट या मापन-मानकांच्या संस्थेनं प्रमाणित केलेली आहेत. आमच्याकडे ती नळी नव्हती. म्हणून फायबरमधलं एक मोकळं ग्रेटिंग वितळत्या बर्फाच्या पाण्यात ठेवलं आणि प्रत्येक स्पेक्ट्रममधून त्याचं सरकणं वजा केलं. आता गुणकांच्या फाइलमध्ये प्रत्येक ग्रेटिंगपुढे रीत, माथ्याची मर्यादा, तापमानाचा पल्ला आणि बर्फातल्या ग्रेटिंगचं त्या दिवशीचं वाचन लिहिलेलं असतं.