शेजारच्या खाटेवर कोण होतं?

हॉस्टेलला राहणार आहे असं सांगितलं की आमच्या साताऱ्यात पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कॉलेजला?" कारण आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे कॉलेजचं नाहीतर बोर्डिंग, तिसरा अर्थ माहितीच नाही कुणाला. मी एकोणतीस वर्षांची, नोकरी करणारी, आणि सुट्टी काढून एकटी हंपीला जाऊन हॉस्टेलमध्ये राहणार, हे आईला सांगायला मला तीन दिवस लागले. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे खोली तुझी नसणार? रात्री झोपताना शेजारी कोण असेल ते तुलाही माहिती नाही?" आणि तिचं बरोबरच होतं, तसंच असतं ते. खोली नाही, बेड बुक करायचा. एका खोलीत सहा-आठ बेड, एकावर एक, बाकीचे लोक कोण ते गेल्यावरच कळतं.

घरात हे सगळ्यात आधी कुणाला समजलं असेल तर आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना. आबा माण तालुक्यातले, घरची जिरायत शेती, पाऊस नाही की पीक नाही. बारा वर्षांचे असताना 1954 ला साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात आले. अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली 1919 ला, कराडजवळच्या काल्याला, आणि मग 1924 ला साताऱ्यात हे बोर्डिंग सुरू केलं. 1927 ला गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं. सगळ्या जातीची पोरं एकाच पंक्तीला बसायची, एकाच छपराखाली झोपायची, त्या काळात. पोरांना खायला धान्य नव्हतं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, वहिनी म्हणायचे त्यांना, अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आबांनी वहिनींना पाहिलेलं नाही, त्या आधीच गेल्या होत्या, पण ही गोष्ट सांगताना आबांचा आवाज अजून बदलतो.

तर आबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पेटीतून एक पितळी कुलूप काढून दिलं, बोर्डिंगातल्या त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेचं. म्हणाले, "कुलूप आपलं आपण न्यायचं, दुसऱ्याच्या कुलपावर भरवसा ठेवायचा न्हाई आन दुसऱ्यावर चोरीचा आळ घ्यायची पाळी आणायची न्हाई." ते कुलूप मी नेलं पण हॉस्टेलच्या लॉकरला बसलंच नाही, त्याची कडी माझ्या करंगळीएवढी जाड, लॉकरची भोकं बारकी. परत आल्यावर मोती चौकातून छोटं कुलूप घेतलं, ते आता कायम सॅकमध्ये असतं. पितळी कुलूप पण असतं, कशालाच लावत नाही तरी असतं.

हंपीला मी रात्री बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून बस पकडून हुबळीला गेले, तिथून ट्रेनने होस्पेट. पूर्वी बॅकपॅकर लोक नदीपलीकडे विरुपापूर गड्डीवर राहायचे, पण तिथली गेस्टहाऊसं सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 2020 ला पाडली, त्यामुळे जुन्या व्हिडिओतली नावं शोधत बसू नका. मी आनेगुंदीच्या बाजूला राहिले, सहा बेडची मुलींची डॉर्म, म्हणजे सामाईक खोली, वरचा बेड मिळाला. पहिल्या दिवशी कुणाशी फारसं बोलले नाही, खरं सांगायचं तर रात्री नीट झोपपण लागली नाही, पंख्याचा आवाज, कुणाचा तरी मोबाईल, आणि आपण इथं का आलोय असा विचार.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला खालच्या बेडवरची मुलगी, कोलकात्याची होती, उलट्या करायला लागली. एकदा, दोनदा, पाचव्यांदा मी मोजायचं सोडलं. सगळ्या उठल्या. एकजण कोट्टायमची नर्स निघाली, नशीबच म्हणायचं. तिने मॅनेजरला उठवून किचन उघडून घेतलं आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमच्यावरनं सुरी फिरवून सपाट करून घातलं, म्हणाली जास्त झालं तर उलटं नुकसान होतं. दर पाच मिनिटांनी दोन दोन घोट. आम्ही चौघींनी पाळ्या लावल्या. सकाळी सातला तिला जरा बरं वाटलं तेव्हा मी त्याच किचनमध्ये मऊ भात केला, माझ्याकडे आईने दिलेलं मेतकूट होतं, ते कालवलं, तूप काही नव्हतं. तिने आधी वास घेतला, मग एक घास खाल्ला, मग वाटी हातात घेऊन भिंतीला टेकून शांतपणे सगळा भात संपवला. त्या दिवशी आमच्यातली एकपण देवळं बघायला गेली नाही.

घरी आल्यावर आबांनी विजयविठ्ठल, दगडी रथ, अंजनाद्रीच्या पायऱ्या यातलं काहीच विचारलं नाही. "शेजारच्या खाटंवर कोण व्हतं गं?" एवढंच. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्यात एकजण आजारी पडला की त्याच्या वाटणीचं पाणी दुसऱ्यानं भरायचं. सांगायला लागायचं न्हाई." तेव्हापासून कोची झालं, उदयपूर झालं, प्रत्येक वेळी परत आले की हाच प्रश्न असतो आणि मला आता वाटतं की प्रवासाबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे.

मग मी ह्या हॉस्टेलांचं मूळ काय ते शोधत बसले तर तिथंपण एक शिक्षकच सापडला. जर्मनीतले रिखार्ड शिरमान, 1909 ला पोरांना घेऊन पायी सहलीला गेले, वादळी पावसात अडकले, एका शाळेत गवत पसरून रात्र काढली, आणि तिथे त्यांना सुचलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, पोरांना झोपायला का नाही द्यायच्या. 1912 ला आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल निघालं. आबांना हे सांगितलं तर ते खूश झाले, म्हणाले मास्तरच करणार असलं काम.

आता जायचंय त्यांच्यासाठी थोडं. पहिल्यांदा जाताय तर मुलींची डॉर्म घ्या, मिक्स्ड, म्हणजे मुलं-मुली एकत्र असलेली, नंतर बघा, त्यात कमीपणा काही नाही. रिव्ह्यू वाचताना एकट्या राहिलेल्या बायकांचे आधी वाचा, आणि बाथरूमच्या कडीबद्दल कुणी लिहिलंय का ते बघा, हे मी कोचीत शिकले. खालचा बेड मागून घ्या. आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं, शेवटचे चार आकडेच दिसतात. टॉवेल पातळ न्या, वाळतो लवकर. आणि पहाटे निघायचं असेल तर बॅग रात्रीच भरा, पहाटे पाचला प्लास्टिकच्या पिशव्यांची चरचर सुरू झाली की अख्खी खोली उठते, दिवसभर डोंगर चढून झोपलेली माणसं असतात ती. अलार्म एकदा वाजला की उठायचं, स्नूझ नाही. फोनवर बोलायचं तर बाहेर. हे नियम भिंतीवर लिहिलेले असतात पण खरे पाळले जातात ते कुणीतरी एकजण आधी पाळतो म्हणून.

एक गोष्ट मात्र मनात सलते ती लिहितेच. मागच्या वर्षी कासला फुलं होती त्या दिवसात मला कुठं लांब न जाता आपल्याच जिल्ह्यात दोन दिवस शांत राहायचं होतं. डोंगरावरच्या एका हॉस्टेलात ऑनलाइन बेड बुक केला, पैसे भरले. संध्याकाळी सहाला भिजत पोचले तर रिसेप्शनवरच्या मुलाने आधार बघून सांगितलं, "मॅडम, जिल्हा सातारा आहे, लोकल आयडी अलाऊड नाही." मी म्हणलं का, तर लोकल लोक दारू पिऊन दंगा करतात. मी एकटी, हातात छत्री आणि एक पुस्तक. तो बिचारा नोकर माणूस, त्याच्यावर राग नाही, पण हा काही कायदा नाही, धंदेवाल्यांनी स्वतः केलेला नियम आहे आणि बऱ्याच ठिकाणी आहे. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बाईला स्वतःची खोली कुठं असते हो? दोन दिवस दार लावून वाचत बसावं, नाहीतर घरात काही बिनसलंय म्हणून एक रात्र सुरक्षित झोपावं, तर तिने स्वतःच्या गावात कुठं जायचं? शेवटची एसटी पकडून वाईमार्गे घरी आले, साडेनऊ वाजले, पैसे आठ दिवसांनी परत मिळाले. तुम्ही जवळपास जाणार असाल तर आधी फोन करून विचाराच.

आबांना हे पटलंच नाही. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अण्णांच्या बोर्डिंगात गाव इचारायचे ते जागा द्यायला."

जानेवारीत बनारसला चाललेय, अस्सी घाटाजवळ, मुलींची डॉर्म, खालचा बेड, फोन करून पक्का केलाय. आईने ह्यावेळी काहीच विचारलं नाही, फक्त मेतकुटाच्या एकाऐवजी दोन पुड्या बांधून ठेवल्यात.